पेट्रोलचा ऑक्टेन अंक आणि गाडीचे ॲव्हरेज

कर्नाटक राज्याच्या बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात मेहकर हे गाव आहे. महाराष्ट्राची हद्द येथून जवळ असल्याने या परिसराचा नित्याचा व्यवहार मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांतून चालतो. बाजार, दवाखाना, कचेरी, महाविद्यालय अशा कामांसाठी येथील लोकांना भालकी, बिदर, उदगीर या गावी वरचेवर जावे लागते. एके काळी हा प्रवास बैलगाडीने अथवा मोटारगाडीची वाट पाहत होत असे. आता शेतकरी, शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले अशा बहुतेकांच्या दारात मोटारसायकल उभी असते आणि काही घरी चारचाकीही आलेली आहे. त्यामुळे बियाणे, खत व किराणा यांच्याबरोबरच पेट्रोल हीही घरखर्चातील कायमची बाब होऊन बसली आहे.

पेट्रोलपंपावर वाहनधारकास पुष्कळदा एक प्रश्न विचारला जातो : साधे घालू की महागाचे? महागाच्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक जास्त असतो, त्यामुळे गाडीला जोर येतो आणि ॲव्हरेजही वाढते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आठवड्यातून एकदा तरी ‘चांगले’ पेट्रोल घातल्याने इंजिनाचे आयुष्य वाढते, असेही काही जण मानतात. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा विचार प्रत्येक वाहनधारकाने करावयास हवा. कारण लिटरमागे द्यावे लागणारे जादा रुपये अखेर त्याच्याच घामाचे असतात.

ऑक्टेन अंक म्हणजे काय?

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढले जाते. दट्ट्या म्हणजेच पिस्टन वर येऊन हे मिश्रण दाबतो. योग्य क्षणी स्पार्क प्लगमधून ठिणगी पडते, मिश्रण पेट घेते आणि त्या ज्वलनाच्या दाबाने दट्ट्या खाली ढकलला जाऊन चाकाला गती मिळते. मिश्रण मूळ आकारमानाच्या किती पट दाबले जाते, त्यास संपीडन गुणोत्तर असे म्हणतात. हे गुणोत्तर १० असेल, तर मिश्रण दाबून एक-दशांश जागेत आणले जाते.

मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच ज्वलनातून अधिक काम मिळते, हे यंत्रशास्त्राने सिद्ध झालेले आहे. परंतु दाबाबरोबर उष्णताही वाढते. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरण्यापूर्वीच कोपऱ्यात राहिलेले मिश्रण या उष्णतेने आपोआप पेटले, तर एकदम स्फोट होतो आणि धातूवर हातोडीचे ठोके पडावेत तसा आवाज येतो. गॅरेजमधील कारागीर यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. नॉकिंग सतत होत राहिल्यास शक्ती वाया जाते, इंजिन तापते आणि कालांतराने दट्ट्याला इजा पोहोचते.

वेळेपूर्वी आपोआप न पेटता दाब सोसण्याचा पेट्रोलचा जो गुण, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक होय. या शतकाच्या मागील शतकात, १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत हे माप ठरविण्यात आले. आयसो-ऑक्टेन हा द्रव दाब उत्तम सोसतो, म्हणून त्यास १०० अंक देण्यात आले. नॉर्मल हेप्टेन हा द्रव चटकन ठोके देतो, म्हणून त्यास शून्य अंक मिळाले. एखाद्या पेट्रोलचा अंक ९१ आहे याचा अर्थ, चाचणीच्या इंजिनात ते ९१ भाग आयसो-ऑक्टेन व ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे वागते.

अंक मोजण्याच्या पद्धती देशोदेशी निरनिराळ्या आहेत, हेही ध्यानात ठेवणे इष्ट होय. भारतात पंपावर जो अंक सांगितला जातो, तो ‘रिसर्च’ पद्धतीचा असतो. अमेरिकेत दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी लिहितात. त्यामुळे तेथील ८७ हा अंक आपल्याकडील सुमारे ९१ च्या तोडीचा ठरतो. परदेशी असलेल्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा आणि आपल्या पंपावरील आकडा यांची सरळ तुलना करता येत नाही.

सहनशक्ती निराळी, शक्ती निराळी

वरील विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑक्टेन अंक हा पेट्रोलच्या सहनशक्तीचा अंक आहे. त्यात किती उष्णता साठलेली आहे, याचा नव्हे. एखादे मडके किती आच सोसते, यावरून त्यात किती धान्य मावते हे कळत नाही. तसेच ऑक्टेन अंकावरून एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाईल, हे कळत नाही.

कंपनीने ज्या इंजिनाची रचना ९१ ऑक्टेनसाठी केलेली आहे, त्यात ९१ च्या पेट्रोलने नॉकिंग होतच नाही. मग त्यात ९५, ९७ अथवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल घातल्याने टाळावयाचे असे काय उरते? इंजिनाचे संपीडन गुणोत्तर पेट्रोल बदलल्याने बदलत नाही. जादा सहनशक्ती तेथे बिनकामाची ठरते.

याउलट, ज्या इंजिनांचे गुणोत्तर अधिक आहे अथवा ज्यांत टर्बोचार्जरच्या साहाय्याने हवा दाबून भरली जाते, त्यांना जास्त ऑक्टेनचे पेट्रोल खरोखरीच लागते. अशा अनेक मोटारींत नॉकिंगची चाहूल घेणारे उपकरण बसविलेले असते. कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळताच ते उपकरण ठिणगी पडण्याची वेळ मागे सारते. इंजिन वाचते, परंतु शक्ती व ॲव्हरेज दोन्ही थोडी उतरतात. अशा गाडीत जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यास जे हरवले होते ते परत मिळते, इतकेच. खेड्यापाड्यांत धावणाऱ्या १०० ते १२५ सी.सी.च्या सर्वसाधारण मोटारसायकलींची गणना मात्र या वर्गात होत नाही.

प्रयोगांचा निर्वाळा

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या वाहनधारकांच्या संस्थेने २०१६ साली यासंबंधी प्रयोगशाळेत चाचण्या घेतल्या. ज्या मोटारींना साधे पेट्रोल पुरेसे आहे असे उत्पादकांनी सांगितले होते, त्यांत महाग पेट्रोल वापरून पाहण्यात आले. शक्ती, ॲव्हरेज आणि धूर यांपैकी कशातही लक्षणीय सुधारणा आढळली नाही. पुढील वर्षी, म्हणजे २०१७ साली, जास्त ऑक्टेनची शिफारस असलेल्या मोटारी घेण्यात आल्या. त्यांत ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि शक्ती सरासरी १.४ टक्के वाढली. परंतु दोन प्रकारच्या पेट्रोलच्या किमतींतील फरक त्याहून पुष्कळच मोठा होता. म्हणजे ज्यांना लाभ झाला, त्यांचाही लाभ पैशाच्या हिशेबात बसला नाही.

जुन्या समजुतीचे मूळ

असे असता ही समजूत एवढी घट्ट का रुजली? याचे कारण इतिहासात आहे. १९७० नंतरच्या दशकात भारतीय मानकात पेट्रोलच्या ८३ व ९३ ऑक्टेन अशा दोन प्रती होत्या. ८३ ऑक्टेनचे पेट्रोल चढावर अथवा जादा ओझे असता काही मोटारींत ठोके देत असे, आणि ९३ चे घालताच फरक जाणवत असे. तो अनुभव त्या काळापुरता खरा होता. पुढे साध्या पेट्रोलचाच अंक ८७, ८८ आणि नंतर ९१ असा वाढत गेला. परिस्थिती बदलली; समजूत तशीच राहिली.

पूर्वी ऑक्टेन अंक वाढविण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळीत. अमेरिकेतील टॉमस मिजली यांनी १९२१ साली त्याचा ठोके रोखण्याचा गुण शोधून काढला. मात्र धुरावाटे बाहेर पडणारे शिसे आरोग्यास, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूस, घातक असल्याचे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. भारतात १९९५ साली चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. जगातील अखेरच्या देशात, अल्जीरियात, ते २०२१ साली थांबले. शिसे गेल्यावर ऑक्टेन अंक राखण्यासाठी तेलशुद्धीकरणाच्या सुधारलेल्या प्रक्रिया आणि इतर द्रव्ये उपयोगात आली. त्यांतील एक द्रव्य उसाच्या मळ्यातून आले.

उसाचे इथेनॉल : ऑक्टेन वाढला, ॲव्हरेज का वाढले नाही?

बिदर जिल्हा हा उसाचा आणि सहकारी साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातही तीच स्थिती आहे. साखर तयार होताना निघणाऱ्या मळीपासून, तसेच उसाच्या रसापासून, इथेनॉल हे अल्कोहोल मिळते. ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचा प्रारंभीचा प्रयोग २००१ साली ज्या तीन ठिकाणी झाला, त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेली. त्यानंतर २००३ साली काही राज्यांत ५ टक्के मिश्रणास आरंभ झाला. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा गाठला.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक सुमारे १०८ आहे, म्हणजे पेट्रोलहून बराच अधिक. त्यामुळे २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा अंक ९५ पर्यंत गेल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले आहे. म्हणजे जो अंक पूर्वी जादा पैसे मोजून विकत घ्यावा लागे, तो आता साध्या पेट्रोलमध्येच आला. ऑक्टेन वाढल्याने ॲव्हरेज वाढते हे खरे असते, तर प्रत्येक गाडीचे ॲव्हरेज वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात अनेक वाहनधारकांस ते किंचित घटल्याचे जाणवते.

यात विरोधाभास काहीच नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये असलेली उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. साहजिकच २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरात उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली दिलेल्या अंदाजानुसार, जुन्या रचनेच्या दुचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्के, तर तशाच चारचाकींचे ६ ते ७ टक्के घटू शकते. १० टक्के मिश्रणासाठी रचना केलेल्या व २० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के इतकीच राहते. पूर्वी लिटरला ५० किलोमीटर जाणारी जुनी मोटारसायकल ४८ च्या आसपास गेली, तर मेकॅनिकास अथवा पंपचालकास दोष देण्याचे कारण नाही.

इथेनॉलचा उच्च ऑक्टेन अंक ज्या इंजिनात अधिक संपीडन गुणोत्तर योजून उपयोगात आणला जाईल, त्याच इंजिनात ही तूट काही अंशी भरून निघेल. उसाच्या शेतकऱ्यास मिळणारा नवा ग्राहक आणि आयात तेलात होणारी बचत हे या योजनेचे लाभ वेगळे आहेत. ते ॲव्हरेजमध्ये शोधू नयेत.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक दक्षता मात्र आवश्यक आहे. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्यांवर व वॉशरवर परिणाम करू शकते. एप्रिल २०२३ पासून तयार झालेल्या गाड्यांत त्यास अनुरूप साहित्य वापरण्यात येते. त्यापूर्वीच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या वेळोवेळी तपासून घ्याव्यात, टाकीचे झाकण घट्ट बसते की नाही ते पाहावे आणि पावसाळ्यात गाडी अनेक आठवडे उभी ठेवावयाची असल्यास टाकीत पाणी शिरणार नाही अशी व्यवस्था करावी.

नॉकिंग होऊ लागल्यास

पूर्वी नीट चालणारी गाडी एकाएकी ठोके देऊ लागली, तर महाग पेट्रोल घालणे हा त्यावरील पहिला उपाय नव्हे. सिलिंडरमध्ये साचलेली काजळी, अयोग्य स्पार्क प्लग, ठिणगीची चुकलेली वेळ, इंजिनाचे अति तापणे, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटणे अशी कारणे प्रथम तपासावीत. भेसळ हेही एक कारण असू शकते. रॉकेलचा ऑक्टेन अंक अतिशय कमी असल्याने रॉकेलमिश्रित पेट्रोल हमखास ठोके देते. संशय आल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. कागदावर टाकलेला पेट्रोलचा थेंब उडून गेल्यावर डाग राहू नये.

बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवा किंचित विरळ असल्याने नॉकिंगची प्रवृत्ती मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहराहून थोडी कमीच असते. उन्हाळ्यातील कडक उष्णता मात्र ती वाढविते. राज्याची सीमा ओलांडल्याने ऑक्टेन बदलत नाही. कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दरांत जो फरक दिसतो, तो करांमुळे. पेट्रोलचे मानक देशभर एकच आहे.

ट्रॅक्टर, जीप व पंपसेट चालविणाऱ्या शेतकऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की डिझेलला ऑक्टेन अंक लागू पडत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. म्हणून तेथे लवकर पेटण्याचा गुण हवा असतो आणि तो सीटेन अंकाने मोजला जातो.

हिशेब आपला आपण करावा

एखादा शिक्षक रोज ४० किलोमीटर याप्रमाणे महिन्यात २५ दिवस ये-जा करतो असे समजू. त्याचे १,००० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५० किलोमीटर जात असेल, तर २० लिटर पेट्रोल लागेल. साध्या पेट्रोलचा दर १०० रुपये व महाग पेट्रोलचा १०८ रुपये धरला, तर महिन्याला १६० आणि वर्षाला १,९२० रुपये जादा जातील. हे पैसे वसूल व्हावयाचे, तर गाडीचे ॲव्हरेज ५० वरून ५४ वर गेले पाहिजे. ९१ ऑक्टेनसाठी रचलेल्या गाडीत केवळ ऑक्टेनच्या बळावर असे होत नाही.

ज्यांची खात्री पटत नसेल, त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहावा. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीच्या रस्त्याने गाडी चालवून पुन्हा टाकी तशीच भरावी. जितके लिटर मावले, त्याने चाललेल्या किलोमीटरना भागावे. साध्या पेट्रोलवर तीन वेळा आणि महाग पेट्रोलवर तीन वेळा असे करून सरासरी काढावी. एकाच टाकीवरून निष्कर्ष काढू नये. वारा, ओझे, रस्ता आणि चालविणाऱ्याचा हात यांनीच चार-पाच टक्क्यांचा फरक पडतो. शाळांतील विज्ञानशिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. सरासरी, टक्केवारी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा शास्त्रीय दंडक, असे तीन धडे त्यातून मिळतात.

महाग पेट्रोल म्हणजे नेहमीच जास्त ऑक्टेनचे पेट्रोल, असेही नाही. काही प्रकारांत ऑक्टेन साध्या पेट्रोलइतकाच असून इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये तेवढी घातलेली असतात. विकत घेताना नेमके काय मिळते, ते विचारून घ्यावे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये मुंबई-पुण्यासह दहा शहरांत विक्रीस आले. ते प्रामुख्याने उच्च क्षमतेच्या गाड्यांसाठी आहे.

ॲव्हरेज वाढविण्याचे खरे मार्ग

टायरमधील हवा ठरल्याइतकी ठेवावी. हवा कमी असल्यास गाडी जड जाते आणि पेट्रोल अधिक लागते. कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वारंवार साफ करावा. साखळीस वंगण द्यावे व ती योग्य ताणात ठेवावी. ब्रेक चाकाला घासत नाहीत, हे पाहावे. ऑइल मुदतीत बदलावे. क्लचवर हात अथवा पाय ठेवून गाडी चालवू नये. एकदम वेग घेणे व एकदम ब्रेक दाबणे टाळून ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा एकसारखा वेग राखावा. थांबावयाचे असल्यास इंजिन बंद करावे. या साध्या गोष्टींनी होणारी बचत कोणत्याही महाग पेट्रोलपेक्षा अधिक असते आणि तीस खर्च जवळजवळ नसतो.

गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका बहुतेक घरी कपाटात पडून असते. तीत किती ऑक्टेनचे आणि किती टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरावे, हे स्पष्ट लिहिलेले असते; पुष्कळदा टाकीच्या झाकणाजवळही तशी नोंद असते. तेथे ९५ लिहिले असेल, तर त्याहून कमी घालू नये. ९१ लिहिले असेल, तर त्याहून अधिकासाठी पैसे मोजू नयेत. पंपावर ‘साधे की महागाचे?’ असे विचारले जाईल, तेव्हा या पुस्तिकेतील आकडा पाठ असलेल्या वाहनधारकास उत्तर शोधावे लागणार नाही.